विशीतला दमसास

लिफ्ट बंद असते, चौथ्या मजल्यावर जायचं असतं, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पंचविशीतला एक तरुण खिशातून मोबाइल काढून उगाच त्यात बघत उभा राहतो. मेसेज वगैरे काही आलेला नसतो. धाप लागलेली असते आणि ती मागून येणाऱ्याला कळू द्यायची नसते. हे दृश्य कुठल्या एका इमारतीतलं नाही. शहरातल्या कुठल्याही सोसायटीत, कुठल्याही ऑफिसात ते दिसतं. अनुभवाचे बोल लिहायचे म्हणजे स्वतःची कहाणी सांगायची, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडणार आहे. एका माणसाच्या कहाणीवरून दुसऱ्याच्या हृदयाबद्दल काहीच ठरत नाही. ऐंशीव्या वर्षी विडी ओढत धडधाकट फिरणारे आजोबा गावोगाव असतात, आणि त्यांचा दाखला देऊन किती जणांनी विडी सोडायचं टाळलं असेल कोण जाणे. अनुभवच हवा असेल तर ज्यांना वर्षानुवर्षं मोजलं गेलं त्यांचा घ्यावा. तो सगळा अनुभव वाचून माझं एकच म्हणणं तयार झालं आहे. दमसास तारुण्याबरोबर आपोआप मिळत नाही. रोजच्या दिवसाने हृदयाकडून किती काम करून घेतलं, त्याचा तो जमाखर्च असतो. विशीत हे काम गुपचूप कमी होत जातं, आणि वय लहान असल्यामुळे खात्यातली तूट दहा-पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

दमसास हा शब्द आपल्याकडे गवयांनी जपला, म्हणून दम म्हटलं की डोळ्यांपुढे फुप्फुसं येतात. निरोगी तरुणात अडचण बहुतेक वेळा तिथे नसतेच. फुप्फुसं रक्तात पुरेसा ऑक्सिजन चढवतात. अडतं ते रक्त पोचवण्यात. जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे दमसासाचं शास्त्रीय माप. अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेल्या हिशेबाने पाहिलं तर ते तीन गोष्टींवर येऊन ठेपतं: मिनिटाला ठोके किती, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त किती, आणि त्या रक्तातून स्नायूंनी उचललेला ऑक्सिजन किती. पहिली गोष्ट जवळजवळ वयानेच ठरते. कितीही सराव केला तरी कमाल ठोके वाढत नाहीत. खरा फरक पडतो तो दुसरीत. सराव नसलेल्या तरुणाचं हृदय पुऱ्या ताकदीने पळताना मिनिटाला वीसेक लिटर रक्त फेकतं, अव्वल धावपटूचं पस्तीस-चाळीस लिटरपर्यंत जातं, आणि ठोके दोघांचे जवळपास सारखेच असतात. म्हणजे जो काही फरक आहे तो एकेका ठोक्यात आहे. नियमित सराव सुरू झाला की रक्तातला पातळ भाग काही दिवसांतच वाढू लागतो, हृदयात परतणारं रक्त वाढतं, कप्पे जास्त भरतात, पुढे जास्त फेकलं जातं. सराव थांबला की हेच सगळं तितक्याच तत्परतेने उतरतं. कसलेल्या खेळाडूंना सराव थांबवायला लावून १९८४ मध्ये मोजमाप झालं, तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी खाली आली होती. हृदय फार काटकसरी आहे. ज्या सामानाला मागणी नाही ते गोदामात ठेवत नाही.

ही काटकसर किती कडक असते ते १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात दिसलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. चालणं नाही, उभं राहणं नाही. आधी ते मिनिटाला सरासरी ३.३ लिटर ऑक्सिजन वापरू शकत होते. तीन आठवड्यांनी तो आकडा २.४ लिटरवर आला. पाव हिश्शाहून जास्त घट, तीही कसलाच आजार नसताना. प्रयोग इथेच संपला असता तर ती पाठ्यपुस्तकातली एक ओळ झाली असती. पण तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते, वजन सरासरी तेवीस किलोंनी वाढलेलं, अंगातल्या चरबीचं प्रमाण दुप्पट झालेलं. आणि त्यांचा आकडा आला २.९ लिटर. तीस वर्षांच्या म्हातारपणाने जेवढं नेलं त्याहून जास्त विसाव्या वर्षीच्या तीन आठवड्यांच्या लोळण्याने नेलं होतं. (वाढलेल्या वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर पन्नाशीतली घट बरीच मोठी दिसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, जिना चढताना ते जास्तीचं वजनही आपल्यालाच उचलावं लागतं.) पाच माणसं म्हणजे काही मोठा नमुना नव्हे. तरीही वय आणि वापर यांतलं कोण जास्त खातं, या प्रश्नाचं इतकं उघडं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

पाचावरून पाच हजारांवर यायचं तर १९८५-८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांत सुरू झालेला ‘कार्डिया’ नावाचा अभ्यास बघावा लागतो. १८ ते ३० वयाची ५,११५ माणसं, काळी-गोरी, बाया-पुरुष, कमी शिकलेली-जास्त शिकलेली. त्यांना ट्रेडमिलवर चढवलं. दर दोन मिनिटांनी चाल अवघड होत जायची, अशा नऊ पायऱ्या. सगळ्या पार केल्या तर अठरा मिनिटं. कोण किती वेळ टिकलं तेवढं लिहून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. पंधरा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की तळाच्या पाचव्या हिश्शात असलेल्यांना मधुमेह, रक्तदाब आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या तक्रारींचा जथा गाठण्याची शक्यता वरच्या गटापेक्षा तिप्पट ते सहापट होती. वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावर हा फरक कमी झाला, हेही खरं. सुमारे सत्तावीस वर्षांनंतरच्या मोजणीत ट्रेडमिलवर टिकलेल्या दर जादा मिनिटामागे मृत्यूचा धोका सरासरी १५ टक्क्यांनी कमी निघाला. ही ट्रेडमिलवर चढलेली माणसं त्या दिवशी आजारी नव्हती. साखर ठीक, दाब ठीक. डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, तरुण आहेस’ म्हणून पाठवून दिलं असतं अशी माणसं. मला यातला धोक्याचा भाग हाच वाटतो. विशीत रिपोर्ट स्वच्छ येतात, आणि पुढचं सगळं त्यांच्या पाठीमागे घडत असतं.

मग विशीत नेमकं घडतं काय? आपल्याकडची वाट सरळ आहे. नववी-दहावीत पी.टी.चा तास गणिताच्या सरांना दिला जातो, कारण पोर्शन राहिलेला असतो. बारावीपर्यंत क्लास ते घर अशी सायकल थोडीफार चालते. अकरावीला गाडी मिळाली तर तीही भिंतीला टेकते. कॉलेजात हालचाल होते ती गॅदरिंग आणि गणपतीच्या दिवसांत. ढोल-ताशा पथकाचा सराव हा मी टिंगलीचा विषय मानत नाही. कमरेला ढोल बांधून तास-तासभर वाजवणं म्हणजे हृदयाला चांगलंच काम आहे, फक्त ते अनंत चतुर्दशीला विसर्जित होतं. पुढे नोकरी लागते. दारातून कॅब, कॅबमधून लिफ्ट, लिफ्टमधून खुर्ची. शिफ्ट रात्रीची असेल तर झोपेचंही खोबरं. कुणी ठरवून व्यायाम सोडत नाही, म्हणून सोडल्याची तारीखही कुणाला सांगता येत नाही. जो व्यायाम कधी व्यायाम म्हणून केलाच नव्हता तो सुटतो: बसस्टॉपपर्यंतचं चालणं, पाणी भरणं, सायकल, गल्लीतलं क्रिकेट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणची चौदा हजारांवर माणसं तपासली गेली. २०१४ मध्ये आलेला तिचा निष्कर्ष असा, की निम्म्याहून जास्त लोक बैठे होते, आणि फावल्या वेळात खेळणारे-पळणारे दहातले एकही भरत नव्हते. म्हणजे आपल्याकडे अंगाला जे काम होतं ते पोटापाण्याच्या, घरच्या आणि येण्याजाण्याच्या कामातूनच होत आलं. ते काम यंत्रांनी उचललं की त्या जागी ठेवायला आपल्यापाशी खेळाची सवय नसते. देशातल्या प्रौढांपैकी सुमारे ४९ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नाहीत असा २०२२ चा अंदाज आहे. बायकांत ५७ टक्के, पुरुषांत ४२. पैसा आला की दम जातो, हे आपल्या मध्यमवर्गाचं गणित मला त्या आकड्यांत दिसतं.

याला एक अपवाद गावागावांत पहाटे दिसतो: भरतीची पोरं. डांबरी रस्त्याच्या कडेने, डोक्याला रुमाल बांधून, मोबाइलवर वेळ लावून धावणारी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. पन्नासपैकी वीस गुण त्या एका धावण्याचे. सेकंदावर गुण कापले जातात म्हणून ही पोरं आठवड्यातून एक-दोन दिवस नुसती पळत नाहीत, मैदानावर चुना टाकून चारशे-चारशेचे राउंड मारतात, मध्ये चालतात, पुन्हा मारतात. शास्त्राच्या पुस्तकात ज्याला उत्तम पद्धत म्हणतात ती हीच, आणि ती त्यांना कुठल्या अ‍ॅपने शिकवलेली नाही. पण वयाची मर्यादा उलटली किंवा वर्दी मिळाली, की दोन्हीकडचं धावणं बऱ्याचदा एकदमच थांबतं. तीन वर्षं कमावलेलं हृदय काही महिन्यांत शेजारच्या दुकानात बसणाऱ्या मित्राच्या हृदयासारखं होऊ लागतं. भरतीच्या पोरांना कुणी एवढं तरी सांगावं, की गुण मैदानावर जमा होतात, दम मात्र कुठेच जमा होत नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत लाडका: ‘मी बारीक आहे, मला काय होतंय.’ या आक्षेपाला उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच मापं २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. फोटोत दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. केईएम रुग्णालयाच्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या अभ्यासाने याची मुळं जन्मापर्यंत नेली: तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण आपली बाळं हाडामांसाने जितकी लहान होती तितकी चरबीने लहान नव्हती. आपल्या काटकुळ्या हातापायांच्या आणि किंचित सुटलेल्या पोटाच्या तरुणाला शर्टाच्या मापावरून स्वतःची तब्येत कळत नाही, ती अशी. दमाच्या बाबतीत तर वजनकाटा अगदीच मुका. ऑक्सिजन वापरणारा स्नायू कमी आणि रक्त फेकणारं हृदय न सरावलेलं, असं असताना काटा ५८ किलो दाखवून खूश करतो, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं जन्मतःच ठरलेलं असतं. आपल्याकडे त्याला ‘अंगकाठीच तशी’ म्हणतात. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. क्लॉड बुशार आणि सहकाऱ्यांच्या ‘हेरिटेज’ अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ बैठ्या माणसांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला. क्षमता सरासरी मिनिटाला चारशे मिलिलिटरने वाढली, पण कुणाची जवळजवळ वाढलीच नाही आणि कुणाची लिटरभर वाढली. एकाच घरातली माणसं एकमेकांसारखी निघाली. सुरुवातीच्या दमातल्या आणि नंतरच्या वाढीतल्या फरकाचा जवळपास निम्मा भाग घराण्याकडे जातो, असा त्यांचा अंदाज. पण या अभ्यासाचा दाखला देऊन खुर्चीत बसून राहणारे उरलेल्या निम्म्याबद्दल गप्प असतात. शिवाय ‘माझ्यावर व्यायामाचा परिणामच होत नाही’ असं म्हणणाऱ्यांची २०१७ मधल्या एका प्रयोगाने चांगलीच पंचाईत केली. निरोगी तरुणांचे पाच गट केले. कुणी आठवड्यातून एक तास सायकल मारायची, कुणी दोन, असं पाच तासांपर्यंत. सहा आठवड्यांनी एक तासवाल्यांत दहातल्या सातांना काही फरक पडला नव्हता. चार आणि पाच तासवाल्यांत फरक न पडलेला एकही नव्हता. ज्यांना पडला नव्हता त्यांना आणखी सहा आठवडे आठवड्याला दोन तास वाढवून दिले, तर त्यांनाही पडला. आईबापांकडून काय आलं यावर कोण कुठवर जाणार ते बऱ्याच अंशी ठरतं, हे मी मान्य करतो. पण बहुसंख्य तरुण आपल्या मर्यादेच्या इतके अलीकडे बसलेले आहेत, की त्यांनी मर्यादेची चर्चा करणं म्हणजे दहावी न झालेल्याने पीएच.डी.च्या गाइडबद्दल तक्रार करण्यासारखं आहे.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसाचा आहे आणि मला तो सगळ्यांत जास्त आवडतो. फिट माणसं जास्त जगतात, कारण ती मुळातच वेगळी असतात, असं तर नसेल? १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. व्यायामशास्त्राची ही जणू गंगोत्री. पण मॉरिस स्वतःच १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांत शिरले आणि त्यांना दिसलं, की ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला आधीपासूनच मोठ्या शिवल्या जात होत्या. म्हणजे जाड माणसं स्टिअरिंगकडे आणि सडपातळ माणसं जिन्याकडे अशी निवड आधीच झाली होती. आपल्याच शोधाला असा चिमटा काढणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. २०२५ मध्ये स्वीडनमधून याहून कडक चिमटा आला. १९७२ ते १९९५ या काळात लष्करी तपासणीत मोजलेल्या अकरा लाखांवर तरुणांपैकी सर्वांत दमदार गटात हृदयविकाराने मृत्यू कमी होते, हे अपेक्षितच. पण मोटार अपघात, बुडणं अशा अपघाती मृत्यूंचा धोकाही त्या गटात तब्बल ५३ टक्क्यांनी कमी निघाला. चांगल्या दमामुळे समोरून येणारा ट्रक चुकत नाही. तेव्हा घर, शिक्षण, पैसा, स्वभाव यांचं श्रेय आपण दमाच्या खात्यावर टाकत आलो आहोत, हे मान्य करावंच लागतं. म्हणून ‘विसाव्या वर्षी धावा, धोका निम्मा करा’ असली जाहिरात मी करणार नाही. माझं म्हणणं अशा आकड्यांवर उभं नाही. ते प्रयोगांवर उभं आहे: त्याच माणसाला झोपवलं तर दम जातो, त्याच माणसाला पळवलं तर येतो. डॅलसच्या त्या पाच जणांनी पन्नाशीत सहा महिने बेताचा नियमित व्यायाम केला, तेव्हा त्यांचा आकडा पुन्हा ३.३ लिटर झाला होता. आयुष्य किती वाढेल ते सांगता येत नाही, पण चौथा मजला न थांबता चढता येईल हे सांगता येतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

बायकांचा विषय वेगळा काढायला हवा, कारण तिथे व्यायामाआधी एक प्रश्न उभा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन बाराऐवजी नऊ असेल तर रक्ताच्या प्रत्येक फेरीत पाव ऑक्सिजन कमी, मग हृदय कितीही चांगलं असो. फिकच्या हिशेबात ही तूट तिसऱ्या जागी येते आणि पहिल्या दोन्ही जागांची मेहनत खाऊन टाकते. अशा मुलीला जिना चढताना धाप लागली की घरचे म्हणतात, नाजूक आहे, आळशी आहे, व्यायाम कर. ती बिचारी चार दिवस पळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, सोडून देते. आणि आपल्याला हे जमणारच नाही ही समजूत आयुष्यभराची होते. मी तर म्हणेन, विशीतल्या मुलीने बूट विकत घेण्याआधी रक्त तपासावं. तपासणी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात ती होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळीबरोबर लिंबू चालतं, चहा नको. चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्याकडे गोळी नेमकी चहाच्या घोटाबरोबरच घेतात. यापलीकडे एक अडचण गोळीने सुटत नाही: धावायला जागा कुठे आणि कोणत्या वेळी. मुलगा पहाटे पाचला रस्त्यावर पळाला तर भरतीची तयारी म्हणतात. मुलगी पळाली तर बरोबर भाऊ लागतो. तिच्या दमाचा हिशेब मांडताना हा भाऊही धरावा लागतो.

‘जिममध्ये पडून मेलेल्यांचं काय?’ असं विचारल्याशिवाय हल्ली ही चर्चा पुरी होत नाही. भीती खोटी नाही, अर्थ उलटा लावला जातो. हृदयविकाराचा झटका येण्याआधीच्या तासाभरात माणूस काय करत होता, याचा अमेरिकेत अभ्यास होऊन १९९३ मध्ये तो छापून आला. जोराच्या श्रमानंतर लगेच झटका येण्याचा धोका आठवड्यातून एकदाही घाम न गाळणाऱ्यांत नेहमीच्या १०७ पट झाला होता. आठवड्यातून पाचदा किंवा जास्त वेळा श्रम करणाऱ्यांत तो जेमतेम २.४ पट होता. धोका श्रमाचा कमी आणि सवय नसल्याचा जास्त. आपल्याकडे १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूआधीच्या ४८ तासांतले जोराचे श्रम जसे धोक्याच्या यादीत आले, तसंच त्याच ४८ तासांतलं भरमसाट दारू पिणं, घरात आधी कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं आणि कोविडसाठी इस्पितळात राहिलेलं असणं हेही आलं. शुक्रवारी रात्री पार्टी आणि शनिवारी पहाटे पावसात कळसूबाई, हा वर्षातून एकदाचा बेत त्या यादीशी फार जुळतो. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, धावताना छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. बाकीच्यांनी चालण्यापासून सुरुवात करावी आणि पहिले दीड-दोन महिने स्वतःला काहीही सिद्ध करून दाखवू नये.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचं, किंवा त्याच्या निम्मी मिनिटं जोराच्या श्रमाचं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोराचं म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. दमसास वाढवायचा तर जोराचा वाटा हवाच, असं माझं मत आहे. नॉर्वेत २००७ मध्ये तरुणांवर झालेल्या प्रयोगात चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, अशा चार फेऱ्या आठवड्यातून तीनदा केलेल्यांची क्षमता आठ आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली; तेवढंच काम संथपणे करणाऱ्यांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे सगळा वेळ मिळून पाऊण तासाच्या आत, आठवड्यातून तीनदा. ‘वेळ नाही’ हा आक्षेप मी इथेच सोडून देतो, कारण तो करणाऱ्यालाही त्याचं उत्तर माहीत असतं. उंच पूल, टेकडी, मैदान, सोसायटीचा जिना, काहीही चालेल. सिगारेट मात्र या सगळ्यावर पाणी फिरवते: धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे टपरीवर उभं राहून पैसे देऊन स्वतःचं रक्त कमी करून घेण्याचा प्रकार.

फरक पडतो की नाही हे घड्याळाच्या पट्ट्याने सांगितलं पाहिजे असं नाही. साधारण ४१ सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी शोधावी. प्लॅस्टिकचं स्टूल नको. ते घसरतं आणि मग हृदयाऐवजी गुडघ्याचा डॉक्टर लागतो. तीन मिनिटं एकाच लयीत चढ-उतार करायची, पुरुषांनी मिनिटाला चोवीस वेळा, बायकांनी बावीस. मोबाइलवर लय धरून देणारं कुठलंही फुकटचं साधन चालतं. थांबल्यावर उभ्याउभ्याच मनगट धरायचं, पाच सेकंद जाऊ द्यायचे, पुढची पंधरा सेकंदं ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. येणारा आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. अंगकाठीचं जे वर सांगितलं ते इथे लागू होतं. तो घरच्या कॅलेंडरवर, दुधाचे खाडे लिहितात त्याच चौकोनात, पेनाने लिहून ठेवावा आणि दीड महिन्याने त्याच पायरीवर, त्याच वेळी, चहाच्या आधी पुन्हा मोजावा.